बँक बंद आणि छातीत कळ, एकाच महिन्यात: ठेव विमा आणि महात्मा फुले योजनेचा आमचा अनुभव

सोलापूरच्या सूत बाजारात एका पेढीवर मी ३४ वर्षं जमाखर्च लिहिला. त्यामुळे कशाबद्दलही मत द्यायचं तर आधी तारखा आणि रकमा मांडायच्या, ही सवय हाडात मुरली आहे. इथं दोन सेवांबद्दल लिहितो. एक म्हणजे बँक अडचणीत आल्यावर मिळणारा ठेव विमा, दुसरी रुग्णालयातले उपचार मोफत करून देणारी राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. दोन्हींची मर्यादा आज पाच लाखच आहे. आमच्या घराला दोन्हींची गरज एकाच महिन्यात पडली, म्हणून एकत्र लिहितो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या सहकारी बँकेच्या दारावर सकाळीच रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांची नोटीस लागली. बँकेचं नाव लिहीत नाही, अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, प्रकरण अजून चालू आहे. एका खातेदाराला ५,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नाही, एवढंच लोकांना त्या कागदातून कळलं. रांगेत विडी वळणाऱ्या बायका होत्या, मागावरचे कामगार होते, एक जण तर लेकीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन उभा होता. माझी ठेव व्याजासकट ४,३१,६४०. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, ६,८०,०००. जुन्या घरातला त्याचा वाटा विकून आलेले पैसे होते ते. दादा आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर जॉबर म्हणून राबला. त्याची आयुष्यभराची शिल्लक म्हणजे ती एक पावती.

त्या दिवसापासून अठराव्या रात्री दीड वाजता दादाच्या छातीत कळ आली. डावा हात दुखतोय म्हणाला आणि अंग घामानं भिजलं.

योजनेच्या यादीत असलेल्या एका खासगी रुग्णालयात आम्ही पोचलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि एक मिनिटही घालवलं नाही, हे आधी सांगतो. झटका मोठा आहे, अँजिओग्राफी आत्ताच करायला हवी, असं ते स्पष्ट बोलले. पण खाली काउंटरवर ४०,००० भरा म्हणाले. घरात रोख निघाले ११,२००. बँकेतले पैसे बँकेतच. मी योजनेचं नाव काढलं तर उत्तर आलं, आरोग्यमित्र (योजनेचे रुग्णालयातले मदतनीस) सकाळी येतील, तोवर रोखीनं भरा, मग बघू.

हे चूक आहे. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून जोडायचे असतात. मला हे ठाऊक होतं ते पेढीवरच्या हमालाच्या ऑपरेशनला मी धावपळ केली होती म्हणून. तिथंच उभ्यानं योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ लावला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. पलीकडच्या बाईंनी रुग्णालयाचं नाव विचारलं, मग काउंटरवरच्या मुलाला फोन द्यायला सांगितलं. त्यानं दोनदा 'हो मॅडम' म्हटलं आणि मला म्हणाला, "काका, रेशन कार्डाचा फोटो तरी मागवा." माझा मेव्हणा तेवढ्या रात्री मोटरसायकल काढून पूर्व भागातल्या दादाच्या घरी गेला आणि कपाटातलं केशरी कार्ड घेऊन आला. पहाटे चारच्या सुमारास एक स्टेंट, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला. दादा वाचला.

सकाळी नऊला आरोग्यमित्राच्या टेबलावर एक मुलगी येऊन बसली. पंचविशीची असेल. तिच्यासाठी मी पाचपैकी पाच देतो. रेशन कार्डावर दादाचं घरातलं नाव आणि आधारवर कागदोपत्री नाव, असा घोळ होता. तिनं आणखी एक ओळखपत्र मागितलं, स्वतः रेशन दुकानदाराशी बोलली आणि अर्ज ऑनलाइन चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. खाट, तपासण्या, स्टेंट, औषधं, जेवण यातलं काहीही आमच्या अंगावर आलं नाही. घरी जाताना दहा दिवसांची औषधंही मिळाली.

मधे एक प्रकार झाला तो मात्र लिहायलाच हवा. स्टेंट बसवायच्या आधी एक कर्मचारी मला बाजूला घेऊन म्हणाला, योजनेतला स्टेंट साधा असतो, वर ३५,००० दिले तर चांगला बसवू. भाऊ आत टेबलावर असताना माणूस अशा वेळी अंगावरचं सोनं काढून देतो. मी विचारलं, हे लिहून द्याल का? तो गेला, परत आला नाही. स्टेंटच्या किमतींवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधाचा लेप असलेल्याला २९,६०० रुपये ठरले होते. नंतर आकडे थोडे वर सरकले, पण लाख-दीड लाखांचे दिवस तिथं संपले. हे माहीत नसलेला माणूस त्या रात्री ३५,००० देऊन बसला असता. तुमच्यावर अशी वेळ आली तर लिहून मागा, एवढंच करा.

आता भांडणाबद्दल.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर, दादा आत निजलेला असताना, मेव्हणा आणि दादाचा साडू यांचं जुंपलं. योजना कुणी आणली? मेव्हणा म्हणतो मोदींनी, साडू म्हणतो काँग्रेसनं. आवाज इतका चढला की नर्सबाई दाराशी आल्या. आरोग्यमित्र असलेल्या त्या मुलीनं टेबलावरून उठून विचारलं, "काका, रेशन कार्डाची झेरॉक्स राहिली, कोण आणतंय?" दोघंही गप्प झाले. झेरॉक्सला मेव्हणाच गेला.

मी दोघांना तेव्हा काही बोललो नाही. पण खतावणी लिहिणाऱ्याला खातं कोरं ठेववत नाही, म्हणून इथं मांडतो. १९९७ मध्ये राज्यात युतीचं सरकार असताना जीवनदायी योजना आली, मोजक्या मोठ्या आजारांसाठी. २ जुलै २०१२ ला आघाडी सरकारनं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यात आपलं सोलापूर होतं. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, पिवळं किंवा केशरी कार्ड हवं. २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात गेली. १ एप्रिल २०१७ ला, पुन्हा युती असताना, तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत ही आरोग्य योजना आली, तिची मर्यादा पाच लाख, आणि २०२० मध्ये दोन्ही योजना राज्यात एकत्र जोडल्या गेल्या. जुलै २०२३ मध्ये राज्यानं आपलीही मर्यादा पाच लाख केली, कार्डाच्या रंगाची अट काढली आणि उपचारांची संख्या १,३५६ वर नेली. दादाच्या छातीत बसलेल्या त्या एका स्टेंटमागं या सगळ्यांच्या सह्या आहेत. मेव्हण्याचंही खरं, साडूचंही खरं, पण दोघंही खात्याचं अर्धंच पान वाचत होते.

माझा भाचा डॅलसला असतो. त्याला रोज फोनवर दादाची खबर द्यायचो. भांडणाचं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, इथं हेच चाललेलं मी आल्यापासून बघतोय. तो २००७ ला गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या बँका कोसळल्या. बँकांना ७०० अब्ज डॉलर देण्याचा कायदा २९ सप्टेंबर २००८ ला त्यांच्या प्रतिनिधिगृहात २२८ विरुद्ध २०५ मतांनी पडला आणि त्या एका दिवसात तिथला शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ७७७ अंशांनी खाली आला. सरकार रिपब्लिकन बुश यांचं, पण त्यांच्याच पक्षाच्या १३३ जणांनी विरोधात मत दिलं आणि बाजूनं जास्त मतं विरोधी डेमोक्रॅट्सची पडली. चार दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, बदल करून तो मंजूर झाला. त्याच कायद्यात तिथल्या ठेव विम्याची मर्यादा एक लाख डॉलरवरून अडीच लाख केली गेली. हे ऐकून मी फोन धरून गप्प राहिलो. बँकांना पैसे देण्यावरून सगळा देश भांडत असताना कुणीतरी साध्या ठेवीदाराची ओळ त्यात घातली होती.

आरोग्य कायद्याचं तर भाच्याकडून पुनःपुन्हा ऐकलं. २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली. प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२, रिपब्लिकन पक्षाचं एकही मत नाही. विरोधकांनी त्याला 'ओबामाकेअर' नाव ठेवलं, पुढं ओबामांनीही ते स्वीकारलं. २०१७ मध्ये तो मोडायला निघाले तेव्हा सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहात, ५१ विरुद्ध ४९ नं बेत फसला. मॅककेन या रिपब्लिकन सिनेटरनं स्वतःच्या पक्षाविरुद्ध अंगठा खाली केला होता, तेव्हा ते स्वतः मेंदूच्या कर्करोगानं आजारी होते. भाच्याच्या शेजाऱ्याला जुनी मधुमेहाची तक्रार. आधी कुठलीच कंपनी त्याला स्वतंत्र विमा देत नव्हती, या कायद्यामुळं २०१४ पासून मिळाला. तो शेजारी मत मात्र कायम रिपब्लिकन पक्षालाच देतो. भाचा म्हणतो, त्याच्या गोळ्यांबद्दल मी त्याच्याशी बोलतो, पक्षाबद्दल बोलायचं सोडून दिलं.

ठेव विम्याकडे वळतो. याबद्दल आपल्याकडं फार अज्ञान आहे.

हे काम ठेव विमा आणि पत हमी महामंडळ करतं. ठेव विमा १ जानेवारी १९६२ ला सुरू झाला. त्याआधी १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडून लोकांचे फार हाल झाले होते. सुरुवातीला हमी १,५०० रुपयांची होती. १ मे १९९३ ला ती एक लाख झाली आणि मग जवळजवळ २७ वर्षं तिथंच थांबली. या २७ वर्षांत दिल्लीत काँग्रेसही होती, भाजपही होता, तिसरी आघाडीही होती. महागाई कुठल्या कुठं गेली, लाखाला कुणी हात लावला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागलेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाले. मग २०२१ मध्ये कायदा बदलला. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांच्या याद्या द्यायच्या, पुढच्या ३० दिवसांत महामंडळानं तपासायच्या, शेवटच्या १५ दिवसांत पैसे. आधी बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमेपर्यंत लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे.

आम्ही संमतीचा फॉर्म, आधार आणि दुसऱ्या बँकेच्या पासबुकाची प्रत दिली. सत्त्याऐंशीव्या दिवशी माझ्या खात्यात ४,३१,६४० जमा झाले, पैसा न् पैसा. दादाच्या खात्यात ५,००,०००. उरलेल्या १,८०,००० चा दावा अवसायकाकडे केला आहे.

मेव्हण्याचं म्हणणं असं, की अर्धा टक्का जादा व्याजासाठी तुम्ही तिथं ठेव ठेवली, मग बुडालेलं लोकांच्या करातून सरकारनं का भरावं? दादा घरी आल्यावर उशीला टेकून त्याला म्हणाला, "येस बँकेला कोणी भरलं रे? तिथं सरकारी बँकेला घुसवलं की." दादाच्या आवाजात तेव्हा जोर नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, खातेदाराला ५०,००० ची मर्यादा लागली. स्टेट बँकेनं आणि इतरांनी भांडवल घातलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. लक्ष्मी विलास बँकेवरचे निर्बंधही त्याच वर्षी नोव्हेंबरात दहा दिवसांत उरकले. पीएमसीचे ठेवीदार मात्र २०१९ च्या सप्टेंबरापासून २०२२ च्या जानेवारीत दुसऱ्या बँकेत विलीन होईपर्यंत ताटकळले आणि मोठ्या ठेवींचे हप्ते पुढं दहा वर्षांपर्यंत पसरले. सरकारी बँकांना २०१७ च्या ऑक्टोबरात २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर झालं, तेव्हा त्या बँकांच्या ठेवीदाराला एक दिवसही रांगेत उभं राहावं लागलं नाही. मोठी बँक हलली तर सगळा बाजार हलतो, हे कारण मला पटतं. पण विडी वळणाऱ्या बाईच्या घराचा बाजारही हलतोच की.

मेव्हण्याला मी एक गोष्ट समजावली आणि ती त्याला पटली. ठेव विम्याचे पैसे करातून येत नाहीत. प्रत्येक बँक दर शंभर रुपयांच्या ठेवीमागं वर्षाला बारा पैशांपर्यंत हप्ता भरते, ठेवीदाराकडून तो वेगळा घेता येत नाही. म्हणजे आम्हाला मिळाले ते बँकांनी भरलेल्या विम्याचे. तो म्हणाला, "भावजी, हे कुणी सांगतच नाही." खरं आहे. बँकेत विम्याचा कागद भिंतीवर असतो, पण कॅलेंडरच्या मागं.

मला खटकलेली गोष्ट नियमाची आहे. नव्वद दिवस ही मुदत चांगली, पण हृदय नव्वद दिवस थांबत नाही. पीएमसीच्या वेळी आजारपणासारख्या अडचणीत जादा रक्कम काढायची सोय दिली गेली होती. ती प्रत्येक बँकेच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून असायला हवी. रुग्णालयाचं पत्र दाखवा आणि विम्याच्या मर्यादेतले पन्नास हजार, लाख उचला. कसाही तो पैसा नव्वद दिवसांनी द्यायचाच आहे. त्या रात्री दादाचं कार्ड सापडलं नसतं, किंवा रुग्णालय यादीत नसतं, तर स्वतःच्या नावावर ६,८०,००० असलेला माणूस ४०,००० साठी काउंटरसमोरच दगावला असता. हा विचार आला की आजही माझा हात थरथरतो.

आरोग्य योजनेतली उणीव दुसरीकडं आहे. खाटेवर असताना सगळं मिळालं, खाटेवरून उठल्यावर आम्हाला दहा दिवसांचीच औषधं मिळाली, पुढचं आमचं आम्ही. दादाला रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या जन्मभर. बाहेरच्या दुकानात महिन्याला १,३५० लागायचे. आता जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून, आणतो, ४१० मध्ये भागतं. (जनऔषधीचं पहिलं दुकान २००८ मध्ये अमृतसरला उघडलं, मनमोहन सिंगांच्या वेळी. पुढं नावात 'प्रधानमंत्री' आलं. मेव्हणा आणि साडू यावरूनही भांडू शकतात.) पण एक गोळी दोन महिने तिथं नव्हती, ती बाहेरूनच घ्यावी लागली. ज्याला ४१० ही जड जातात तो गोळ्या सोडतो आणि वर्षभरात परत त्याच खाटेवर येतो. मग सरकार त्याच्यावर लाखभर खर्च करतं. महिन्याच्या गोळ्या सगळ्यांना योजनेतूनच मिळाल्या तर तो लाख वाचेल. हे कुठल्याही पक्षानं करावं, मी त्याच्या मिरवणुकीत हार घेऊन उभा राहीन.

गुण द्यायचे तर आरोग्य योजनेला पाचपैकी चार. ठेव विम्याला साडेतीन, त्यातला अर्धा शब्दाला जागून सत्त्याऐंशी दिवसांत पैसे दिल्याबद्दल. त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना पाच, काउंटरला एक.

वाचणाऱ्यांच्या कामाच्या काही गोष्टी. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, म्हणून व्याज धरूनही पाचच्या आत राहील एवढीच ठेव ठेवा. मर्यादा एका बँकेत एका माणसाला, सगळ्या शाखा मिळून. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं खातं धरलं जातं, नवरा-बायकोंनी याचा फायदा घ्यावा. त्याच बँकेचं कर्ज असेल तर ते वजा होतं. आणि पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. आपल्या गावात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, पाटीवर ठळक अक्षरांत काहीही लिहिलेलं असो, तिथली ठेव ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणात येत नाही. रुग्णालयासाठी रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा. दोन्हींवरचं नाव आजच जुळवून घ्या.

दादा आता सकाळी तलावाच्या कडेनं सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालतो. कडक भाकरी खातो, शेंगाची चटणी डॉक्टरांनी चमचाभरच ठेवलीय, त्यावरून वहिनींशी रोज कुरबुर होते. पाच लाख दोन बँकांत अडीच-अडीच लाख ठेवले. पावत्या करायला त्याच्याबरोबर मेव्हणा गेला होता, वारसाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही साडूची आहे. अवसायकाकडच्या १,८०,००० ची पोच माझ्या कपाटात आहे. दर महिन्याच्या एक तारखेला जाऊन विचारून येतो. अजून काही नाही म्हणतात.